माग कोणी घडवला? मुंबईच्या गिरण्या आणि आपला एक लाडका गैरसमज

१/ दर काही महिन्यांनी समाजमाध्यमांवर एक छायाचित्र फिरते. गिरणगावातील धुराड्यांची रांग, खाली १८५४ हे साल आणि वर मथळा : 'भारताची औद्योगिक क्रांती येथे सुरू झाली.' त्याखाली ठरलेला शेरा असतो की इंग्रजांनी कर लादले नसते तर मुंबईचे मँचेस्टर झाले असते. आजचा हा दीर्घ धागा त्या मथळ्याविरुद्ध आणि त्या शेऱ्याविरुद्ध आहे.

२/ माझा आक्षेप गिरण्यांच्या थोरवीला नाही. लाखो माणसांचे पोट त्यांनी भरले आणि आधुनिक मुंबई घडवली. आक्षेप आहे तो अर्थशास्त्रातील एक प्राथमिक भेद गाळून इतिहास सांगण्याला. तो भेद म्हणजे उपभोग्य वस्तू आणि भांडवली वस्तू यांतील. तो गाळला की धूर दिसतो, पण यंत्र कोठून आले हे दिसत नाही.

३/ शालेय पुस्तकातील व्याख्या सर्वांना पाठ असते. जी वस्तू माणसाची गरज थेट भागवते ती उपभोग्य, आणि जी दुसरी वस्तू निर्माण करण्यासाठी वापरली जाते ती भांडवली. धोतर उपभोग्य, माग भांडवली. येथवर ठीक. पण यावरून पुष्कळांची अशी समजूत होते की हा भेद वस्तूच्या अंगी असतो, लोखंड दिसले की भांडवल आणि कापड दिसले की उपभोग.

४/ भेद वस्तूत नसतो, वापरात असतो. दख्खनच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. कणगीतली ज्वारी जात्यात गेली तर भाकरी, आणि पेरणीसाठी राखून ठेवली तर बियाणे. दाणा तोच, रंग तोच, वजन तेच. एका वाटेने तो आज संपतो, दुसऱ्या वाटेने पुढच्या वर्षीचे पीक होतो.

५/ म्हणूनच दुष्काळाचे खरे मोजमाप केवळ मृतांच्या संख्येने होत नाही. १८७६-७८ च्या महादुष्काळात जे जगले त्यांच्यापैकी असंख्यांनी बियाणे खाऊन आणि बैल विकून दिवस काढले होते. पाऊस परतला तेव्हा पेरायला दाणा नव्हता आणि नांगराला बैल नव्हते. उपभोगाने भांडवल गिळले होते.

६/ परक्या सरकारलाही हे कळत होते. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा, म्हणजेच ज्याला आपले आजोबा-पणजोबा 'तगाई' म्हणत, त्यांतील कर्ज विहिरीसाठी, बांधबंदिस्तीसाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी होते. लग्नासाठी नव्हते. उपभोग्य आणि भांडवली हा भेद तलाठ्याच्या दप्तरात होता. आपल्या इतिहासलेखनात तो का नसावा?

७/ पण हा भेद सर्वांत आधी आणि सर्वांत निर्दयपणे ओळखला तो खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटने. येथे थोडे थांबू, कारण ही कथा मराठीत फारशी सांगितली जात नाही.

८/ १७७४ मध्ये ब्रिटनने सुती आणि तागाच्या कापडाच्या उद्योगातील हत्यारे व उपकरणे देशाबाहेर नेण्यास कायद्याने बंदी घातली. पुढे ती अधिक कडक झाली. कुशल कारागिरांनी परदेशी जाऊन आपला हुन्नर तेथे रुजवू नये यासाठी त्याहूनही जुने कायदे होते. म्हणजे धोरण असे : कापड हवे तितके घ्या, जगभर घ्या, बळजबरीने घ्या, पण ज्यावर ते विणले जाते ते मिळणार नाही, आणि ते बांधणारा माणूसही मिळणार नाही.

९/ या बंदीला चुकवून गेलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे सॅम्युएल स्लेटर. डर्बीशायरमधील जेडेडाया स्ट्रट यांच्या गिरणीत उमेदवारी केलेला हा तरुण १७८९ मध्ये अमेरिकेला निघाला तेव्हा त्याच्याजवळ नकाशा किंवा आराखडा काहीही नव्हते. होते ते डोक्यात. १७९० च्या अखेरीस ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे त्याने आठवणीतून उभ्या केलेल्या यंत्रांवर सूत निघू लागले. इंग्लंडमध्ये तो 'देशद्रोही' ठरला आणि अमेरिकेत उद्योगाचा जनक. एकाच कृत्याला ही दोन नावे पडली, कारण दोन्ही देशांना कळत होते की चोरी सुताची नव्हे, सूतयंत्राची झाली आहे.

१०/ कारागिरांवरील बंदी १८२४ मध्ये उठली. यंत्रांवरील बंदी, मधल्या काळात काही परवाने देत देत, १८४३ पर्यंत टिकली. ती उठवावी असा आग्रह यंत्रे बनवणाऱ्यांचा होता, कारण त्यांना जगाची बाजारपेठ हवी होती. विरोध कोणाचा? कापड बनवणाऱ्यांचा! मुक्त व्यापाराचा शंख फुंकणाऱ्या मँचेस्टरला स्वतःच्या यंत्रांचा व्यापार मात्र मुक्त नको होता. मुक्त व्यापारावर भाबडे प्रेम करणाऱ्यांनी हा प्रसंग जपून ठेवावा.

११/ बंदी उठल्यानंतर अकरा वर्षांनी, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांनी 'बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' स्थापन केली. ताडदेवच्या त्या गिरणीतून १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. शतकाच्या अखेरीस मुंबईत सत्तरहून अधिक गिरण्या होत्या. भांडवल पारशी, भाटिया, गुजराती, बगदादी ज्यू व्यापाऱ्यांचे, श्रम कोकण आणि घाटावरच्या माणसांचे, कापूस वऱ्हाड-खानदेश-गुजरातचा. आणि चात्या, माग, बाष्पयंत्रे? ती लँकेशायरची. त्यांत अग्रस्थानी होती ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स, त्या काळी कापडयंत्रे बनवणारी जगातील सर्वांत मोठी कंपनी.

१२/ आता हिशेब मांडा. मुंबईत एक नवी गिरणी निघते म्हणजे काय घडते? बांधकामाला गवंडी लागतो, तो येथला. साचे चालवायला कामगार लागतो, तो रत्नागिरी-साताऱ्याचा. पण गुंतवणुकीचा मोठा वाटा यंत्रांत जातो आणि ती रक्कम जहाजाने ओल्डहॅमला पोचते. तेथे ओतकाम करणारा, कातारी, आरेखक, गणिती कामाला लागतो. पुढील यंत्र अधिक चांगले कसे करावे हा विचार तेथेच होतो. मुंबईच्या वाट्याला येते यंत्र वापरण्याचे कौशल्य, यंत्र घडवण्याचे येत नाही. आरंभीच्या काळात तर वरच्या तांत्रिक जागांवर माणसेही लँकेशायरमधूनच येत.

१३/ म्हणूनच 'लँकेशायर आपल्या गिरण्यांचा शत्रू होता' हे वाक्य अर्धेच खरे आहे. लँकेशायरची तोंडे दोन होती. कापड विणणारे लँकेशायर आपले वैरी होते. १८९६ चा, देशी गिरण्यांच्या कापडावरील साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर ही त्यांच्याच दबावाची फलश्रुती, आणि तो कर १९२५ च्या डिसेंबरपर्यंत आपल्या मानेवर राहिला. पण यंत्रे ओतणाऱ्या लँकेशायरला मुंबईची प्रत्येक नवी गिरणी म्हणजे सणच होता. पहिल्याशी आपण भांडलो. दुसऱ्याला आपण ओळखलेच नाही.

१४/ यावर एक उत्तर हमखास येते. 'यंत्र विकत आणले तरी ते भांडवलच ना? जपाननेही आणले, अमेरिकेनेही आणले.' बरोबर. गिरणीमालकाच्या वहीत ते भांडवलच होते. मुद्दा वहीच्या पलीकडचा आहे. भांडवली वस्तू विकत घेणे ही सुरुवात असू शकते. ऐंशी वर्षे फक्त विकत घेत राहणे याला वेगळे नाव द्यावे लागते. जपानकडे आपण पुढे वळूच.

१५/ त्याआधी एका थोर माणसाच्या चुकीची नोंद करू. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि त्याच वर्षी कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका दैनिकात भाकीत केले की रेल्वे ही भारतात आधुनिक उद्योगाची अग्रदूत ठरेल. एवढ्या विशाल देशात रेल्वेचे जाळे चालवायचे तर तिच्या रोजच्या गरजांसाठी यंत्रोद्योग उभारावाच लागेल, असा त्याचा तर्क होता. तर्क बिनतोड होता, पण एक अट गृहीत धरली होती, ती म्हणजे इंजिने येथे बनतील. अजमेरच्या कारखान्यात १८९५ मध्ये इंजिन बनलेही, म्हणजे येथे ते बनू शकत नव्हते असे नाही. तरीही बहुसंख्य इंजिने ब्रिटनमधूनच येत राहिली. ज्या लेखकाने पुढे 'भांडवला'च्या दुसऱ्या खंडात उत्पादनाची साधने बनवणारा विभाग आणि उपभोगाच्या वस्तू बनवणारा विभाग अशी स्वच्छ फोड केली, त्यालाही हा दुसरा विभाग समुद्रापलीकडे ठेवून पहिला लुटता येतो हे तेव्हा दिसले नाही. (थोडे उलट लिहिले. त्याच्या क्रमात साधनांचा विभाग पहिला आणि उपभोगाचा दुसरा. आपल्याकडे आला तो दुसराच.)

१६/ आता स्वदेशी. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. त्या तेजाला मी नमस्कार करतो. पण होळीत पडले ते कापड आणि मुंबईत चढली ती गिरण्यांची विक्री. वाढत्या मागणीसाठी माग हवे होते, आणि माग कोठून येणार? म्हणजे स्वदेशी धोतर ओल्डहॅमच्या मागावर विणले जात होते. आपण उपभोगाच्या टोकाला बहिष्कार घातला आणि भांडवलाच्या टोकाला मागणी वाढवली. हे बोलले की लोक रागावतात. रागावू देत.

१७/ त्याच काळात, कोणताही गाजावाजा न करता, एक माणूस नेमके दुसरे टोक धरून बसला होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात सायकलींचे दुकान चालवत त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजापायी तो नांगर खपायला फार वेळ लागला. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर, चरक, शेंगा फोडण्याचे यंत्र, पुढे पंप. या यादीकडे नीट पाहा. यातली एकही वस्तू कोणी खात नाही, नेसत नाही, मिरवत नाही. सारी यादी दुसऱ्याचे उत्पादन वाढवण्याची आहे. आणि पुढच्या पिढीने १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवण्याचा कारखाना काढला, म्हणजे यंत्र बनवणारे यंत्र. माझ्या मते मराठी मुलखात औद्योगिक क्रांतीची सुरुवात दाखवायचीच असेल तर धुराड्यांपेक्षा त्या नांगराचे छायाचित्र लावावे.

१८/ दुसरे नाव तुम्हाला चकित करील. ज्यांना आपण यंत्रांचे शत्रू म्हणून निकालात काढतो, त्या गांधींच्या अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस लावले. यंत्र भारतातच बनलेले असावे, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, ते हलके असावे अशा अटी होत्या. मला चरख्याचे अर्थशास्त्र पटत नाही. तरीही प्रश्न अचूक होता हे मान्य करावे लागते. इतर नेते कापड कोणाचे हे विचारत होते. गांधी विचारत होते की साधन कोणाचे, ते कोण बनवतो आणि मोडले तर कोण दुरुस्त करतो.

१९/ आता जपान. १८८३ मध्ये ओसाकाची मोठी सूतगिरणी सुरू झाली ती प्लॅटच्याच यंत्रांवर. मुंबईहून जवळजवळ तीस वर्षे उशिरा! मुंबईचे सूत तेव्हा चीनच्या बाजारात राज्य करत होते. पण जपानात यंत्रे विकत घेताना कोणीतरी ती उघडून पाहत होते. साकिची तोयोदा या सुताराच्या मुलाने मागावर आयुष्य घालवले. १९२४ मध्ये त्यांचा स्वयंचलित माग सिद्ध झाला, धागा तुटताच आपोआप थांबणारा, न थांबता धोटा बदलणारा. १९२६ मध्ये असे माग बनवणारी कंपनी निघाली. आणि १९२९ मध्ये त्या मागाचे हक्क तोयोदांकडून विकत घेणारी कंपनी होती... प्लॅट ब्रदर्स. करार १ लाख पौंडांचा.

२०/ हे वाक्य पुन्हा वाचा. ओल्डहॅमच्या ग्राहकाने ओल्डहॅमला यंत्र विकले. त्या उद्योगाच्या पोटातून तोयोदांच्या मुलाने मोटार बनवण्याचे प्रयोग सुरू केले आणि १९३७ मध्ये टोयोटा कंपनी जन्मली. मुंबईच्या गिरण्यांनी त्याच काळात किती मागांची निर्मिती केली? कापडयंत्रे बांधण्याचे गंभीर प्रयत्न आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाले. तोवर गिरण्यांचा जन्म होऊन ऐंशीहून अधिक वर्षे लोटली होती.

२१/ परकीय सत्ता हे कारण मोठे आहेच. संरक्षक जकाती नाहीत, तंत्रशिक्षण तुटपुंजे, सरकारी खरेदी लंडनमार्गे. पण सगळे खापर तिच्या माथी फोडून मालकांना सोडून देणे मला मान्य नाही. मुंबईच्या व्यवस्थापक एजंटांचा मोबदला दीर्घकाळ नफ्यावर नव्हे, उत्पादनावर ठरत असे, सुताच्या दर पौंडामागे पाव आणा. गिरणी तोट्यात असो वा फायद्यात, एजंटाचा पाव आणा सुटत नसे. अशा व्यवस्थेत यंत्र नवे करण्याची, झिजेसाठी निधी राखण्याची ओढ कोणाला वाटावी? पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत भरघोस लाभांश वाटले गेले. बियाणे खाणे म्हणतात ते हेच, फक्त कणगीऐवजी ताळेबंदातून.

२२/ येथवर वाचून कोणी टाळ्या वाजवत असेल की 'म्हणजे भांडवली वस्तू हेच सर्वस्व, अवजड उद्योग की जय', तर त्यांच्याशीही माझे भांडण आहे. स्वातंत्र्यानंतर नेमका हा धडा घेऊन प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा (१९५६-६१) आराखडा रचला. आधी यंत्रे बनवणारी यंत्रे, उपभोग नंतर. भिलाई, रूरकेला, दुर्गापूर उभे राहिले. दीड शतकाच्या परावलंबनाला ते उत्तर होते आणि मला ते उत्तर क्षुद्र वाटत नाही.

२३/ पण त्याच १९५६ मध्ये मुंबई विद्यापीठातून चंदुलाल वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी एक ग्रंथ लिहून हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे : पोलादाच्या कारखान्यात राबणारा मजूर पोलाद खात नाही. त्याला धान्य लागते, कापड लागते. या वेतन-वस्तूंचा साठा अपुरा असेल तर भांडवली वस्तूंचा डोलारा हवेत उभा राहतो. आता चौथ्या भागातली ज्वारी आठवा. भिलाईच्या भट्टीवरील मजुराच्या पोटातली भाकरी ही उपभोग्य की भांडवली? त्याच्या दृष्टीने भूक भागली. देशाच्या दृष्टीने ती भट्टी त्याच भाकरीवर उभी राहिली.

२४/ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपण अमेरिकेशी पीएल ४८० चा धान्यकरार केला, आणि दुष्काळाच्या १९६६ साली सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. मिलोची लाल भाकरी ज्यांनी खाल्ली ते लोक अजून तुमच्या घरांत आहेत. त्यांना विचारा. वकील-ब्रह्मानंद सर्वस्वी बरोबर होते असे मी म्हणत नाही. पण नेहरूंचे भक्त त्यांचे नाव घेत नाहीत आणि नेहरूंचे टीकाकार त्यांचा ग्रंथ उघडत नाहीत, ही मात्र लाजेची गोष्ट आहे. मुंबईतच झालेला हा वाद मुंबईच्या इतिहासप्रेमींना ठाऊक नसावा?

२५/ आणि गिरण्या? १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपाने गिरण्या मेल्या, हे आज सर्वमान्य वाक्य झाले आहे. ज्या अनेक गिरण्यांत तोवर दशकानुदशके जुने माग खडखडत होते, त्या आधीपासूनच आजारी होत्या हे त्या वाक्यात मावत नाही. कामगाराने सहा महिने, वर्ष, दीड वर्ष घरातले डाग विकून भाकरी खाल्ली. मालकाच्या हाती मात्र एक वस्तू उरली होती जिला ना ओल्डहॅमची गरज, ना झिजेच्या निधीची. १९९१ च्या विकास नियमावलीने तिचा वापर बदलण्याची वाट मोकळी केली. जुने माग भंगारात गेले, आणि ज्या जमिनीवर ते उभे होते तिच्यावर आज मॉल आणि मनोरे आहेत. त्यांतील दुकानांत कापड भरपूर मिळते. गळ्यामागची चिठ्ठी उलटून पाहा, ते कोठे शिवले आहे तेवढे कळेल. ते कोणत्या देशाच्या मागावर विणले गेले, हे त्या चिठ्ठीवर छापलेले नसते.